डेल्फ्टचा कापडवाला : अँटोनी व्हान लेव्हेनहूक

वाचकहो, शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला आपण सर्वांनीच कांद्याची पापुद्री एकदा तरी पाहिली असेल. कांदा चिरावयाचा, आतल्या मांसल पाकळीवरची झिरझिरीत साल चिमट्याने सोडवावयाची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावयाची, वर आयोडीनचा एक थेंब टाकावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावावयाचा. वर्गात मुले साठ आणि यंत्र एक. माझी पाळी आली तेव्हा तास संपल्याची घंटा झाली होती, आणि मागच्या मुलाने धक्का दिल्यामुळे मला दिसल्या त्या फक्त माझ्याच पापण्या. विटांसारख्या एकाला एक लागून रचलेल्या पेशी आणि प्रत्येकीतील तो तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक, हे मी पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर निवांतपणे पाहिले. त्या दिवशी मात्र मला एक प्रश्न पडला, आणि तो बराच काळ मनात राहिला. ही गोष्ट प्रथम पाहिली कोणी? ज्याने पाहिली, त्याला तरी पापणी आणि पेशी यांतला फरक कोणी सांगितला असेल?

या प्रश्नाच्या मागे लागलो की आपण हॉलंड देशातील डेल्फ्ट नावाच्या एका लहान शहरात आणि तेथील एका कापडाच्या दुकानात जाऊन पोहोचतो. दुकानदाराचे नाव अँटोनी व्हान लेव्हेनहूक. आपल्या क्रमिक पुस्तकांत हे नाव ल्युवेनहॉक, लिवेनहोक असे निरनिराळ्या प्रकारे छापलेले आढळते. माणूस एकच.

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टला झाला. वडील फिलिप्स हे वेताच्या टोपल्या विणणारे कारागीर. डेल्फ्टचा माल परदेशी रवाना होई, त्याला टोपल्या लागत. त्यावर घर चाले. मुलगा पाच वर्षांचा असतानाच वडील वारले. आईने काही वर्षांनी एका चित्रकाराशी दुसरा विवाह केला आणि मुलाला गावाबाहेरच्या शाळेत धाडले. पुढे काही काळ तो एका नातेवाइकाकडे राहिला. त्या काळी युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती. वैद्यक असो, गणित असो की कायदा, लॅटिनवाचून विद्यापीठाचा दरवाजा उघडत नसे. लेव्हेनहूकला लॅटिन आले नाही. इंग्रजी आले नाही, फ्रेंचही आले नाही. नव्वद वर्षांच्या आयुष्यात तो फक्त आपली मातृभाषा डच बोलला आणि डचमध्येच लिहीत राहिला.

सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. माप घेणे, गज फाडणे, खातेवही लिहिणे, रोकड सांभाळणे, हे त्याचे शिक्षण. १६५४ साली तो डेल्फ्टला परतला, बार्बरा द मे हिच्याशी लग्न केले आणि स्वतःचे दुकान थाटले. तागाचे कापड, लोकर, फिती, बटणे असा माल. सहा वर्षांनी, १६६० साली, नगरपालिकेच्या कचेरीत त्याची नेमणूक झाली. नेमणुकीच्या कागदात न्यायाधिकाऱ्यांचे दालन उघडणे-बंद करणे, ते स्वच्छ ठेवणे, शेगडी पेटती ठेवणे अशी कामे लिहिलेली आहेत, म्हणून काही पुस्तकांत त्याला सरळ शिपाई ठरविले आहे. प्रत्यक्षात ती गावातील विश्वासाची जागा होती आणि पगारही बरा होता. पुढे त्याने जमीनमोजणीची परीक्षा दिली. १६७९ पासून गावात येणाऱ्या मद्याची पिंपे मोजण्याचे कामही त्याच्याकडे आले. १६७५ च्या अखेरीस डेल्फ्टचा थोर चित्रकार यान व्हर्मेर कर्जबाजारी अवस्थेत वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नगरपालिकेने लेव्हेनहूकलाच नेमले. थोडक्यात, हिशेबाला पक्का, शब्दाला पक्का, असा हा गृहस्थ होता.

घरात मात्र सुख बेताचे. पाच मुले झाली, त्यांतील चार लहानपणीच गेली. मारिया नावाची एकच मुलगी वाचली. १६६६ साली बार्बराही गेली. त्याने दुसरे लग्न केले, ती पत्नीही त्याच्या आधी गेली. मारिया अविवाहित राहिली आणि अखेरपर्यंत तिने बापाचा संसार सांभाळला. बाप रात्र-रात्र भिंगे करीत बसत असताना घरात चूल पेटत राहिली ती या मुलीमुळे.

कापडाच्या धंद्यात भिंग नवीन नव्हते. एका बोटाच्या जागेत ताण्याचे किती धागे, बाण्याचे किती, सूत सारखे आहे की गाठाळ, हे व्यापारी भिंगाने पाहत. लेव्हेनहूकची भिंगाशी ओळख येथूनच झाली असावी. पण धागे मोजून झाल्यावर भिंग खिशात टाकून देणारे शेकडो. याने ते टाकले नाही, एवढाच फरक.

येथे जरा थांबून इंग्लंडकडे वळले पाहिजे. १६६५ साली लंडनला रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाचा मायक्रोग्राफिया नावाचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात हूकने बुचाचा, म्हणजे बाटलीला लावतो त्या बुचाच्या झाडाच्या सालीचा, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते दाखविले होते. मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे, एका ओळीत इंचाला एक हजाराहून अधिक. त्याने हिशेब केला तो एका घन इंचात १२५ कोटींहून अधिक कप्प्यांचा आला. मठातील साधूंच्या खोल्यांना सेल म्हणत. हूकने या कप्प्यांना तेच नाव दिले. आपण मराठीत त्यालाच पेशी म्हणतो. परंतु हूकने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. घर होते, राहणारे केव्हाच निघून गेले होते.

हूकचे यंत्र दोन-तीन भिंगांचे, लांब नळीचे, आजच्या यंत्राच्या घराण्यातले. पण त्या काळी अशा यंत्रांत एक मोठा दोष असे. काचेतून प्रकाश जाताना त्याचे रंग फुटतात. एका भिंगाने केलेली चूक दुसरे भिंग मोठी करून दाखवी. प्रतिमा मोठी होई आणि तिच्याभोवती रंगीत धुकेही तितकेच मोठे होई. लेव्हेनहूकने दुसरी वाट धरली. त्याने एकच भिंग वापरले, पण ते इतके लहान की मसुराच्या डाळीपेक्षाही बारीक. भिंग जितके लहान आणि गोल, तितके ते अधिक मोठे करून दाखविते. पितळेचे किंवा चांदीचे दोन पातळ पत्रे, त्यांना टाचणीच्या टोकाएवढे भोक, त्या भोकात दोन्ही पत्र्यांच्या मध्ये ते भिंग. मागे एक अणकुचीदार सुई, तिच्यावर पाहावयाची वस्तू चिकटवावयाची, आणि दोन-तीन स्क्रू फिरवून ती पुढे-मागे, वर-खाली करावयाची. सारे यंत्र तळहातावर मावेल एवढे. ते डोळ्याला अगदी भिडवून उजेडाकडे तोंड करून पाहावे लागे. वाचकहो, हे दिसते तितके सोपे नव्हे. काही मिनिटांतच डोळ्याला पाणी येते, मान अवघडते. या माणसाने ते पन्नास वर्षे केले. आज शिल्लक असलेल्या यंत्रांपैकी उट्रेख्ट येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलेले यंत्र वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखविते. त्या काळचे लांब नळीचे कोणतेही यंत्र इतके स्वच्छ दाखवीत नव्हते.

डेल्फ्टला रेनियर द ग्राफ नावाचा एक तरुण वैद्य राहत असे. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव आजही घेतले जाते. त्याने १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांना पत्र लिहून आपल्या गावातील या कापडवाल्याची शिफारस केली. सोबत बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांविषयीची लेव्हेनहूकची निरीक्षणे जोडली. शिफारस करून काही महिन्यांतच द ग्राफ वारला. वय अवघे बत्तीस. ते पत्र गेले नसते तर आपण आज लेव्हेनहूकचे नाव ऐकले असते की नाही, मला शंका आहे. सोसायटीने निरीक्षणे आपल्या नियतकालिकात छापली आणि आणखी पाठवा असे कळविले. लेव्हेनहूकने उत्तरात आधी क्षमा मागितली. आपल्याला लिहिण्याची शैली नाही, आपण भाषा किंवा कला शिकलो नाही, आपण धंदेवाईक माणूस आहोत, आणि टीका सहन करण्याची आपल्याला फारशी हौस नाही, असा त्याचा सूर होता. त्यानंतर त्याने एकट्या रॉयल सोसायटीलाच सुमारे १९० पत्रे लिहिली. ग्रंथ असा एकही लिहिला नाही. जे काही शोधले ते पत्रांत. भेंडीबाजारात एखादा दुकानदार गिऱ्हाईक नसताना गावाकडे पत्र लिहीत बसतो, तशीच ही पत्रे आहेत. मध्येच आपल्या दातांची तक्रार, मध्येच शेजाऱ्याची गोष्ट, आणि मध्येच असा शोध की ज्याने जीवशास्त्राचा पाया हलावा.

१६७४ च्या उन्हाळ्यात तो डेल्फ्टजवळच्या एका तळ्यावर गेला. पावसाळी ढगांसारखे काही हिरवट पाण्यावर तरंगत होते. गावकरी म्हणत, ते दवामुळे होते. याने एका बाटलीत ते पाणी भरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो हिरवे तंतू, आणि प्रत्येक तंतूत सापाच्या वेटोळ्यासारखी वळणे घेत गेलेली हिरवी पट्टी. ते स्पायरोगायरा नावाचे शैवाल होते, आपण बारावीला जे काढतो तेच. ती हिरवी पट्टी म्हणजे हरितलवक, पेशीतले अन्न तयार करण्याचे स्वयंपाकघर. हे त्याला माहीत असणे शक्य नव्हते. पण आकृती त्याने चुकविली नाही. त्याच पाण्यात काही बारीक प्राणी फिरत होते. काही वाटोळे, काही लांबट, काही डोक्याजवळ दोन पायांसारखे काही हलविणारे. पनिराच्या किंवा पिठाच्या किड्यांहूनही ते हजार पटींनी लहान असावेत, असा त्याने अंदाज केला.

यानंतरची हकीकत मिऱ्यांची आहे. मिरी तिखट का लागते, हा प्रश्न त्याच्या मनात होता. मिऱ्याला सूक्ष्म काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, अशी त्याची समजूत. त्या काळात मिरी हॉलंडला येत ती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून, पूर्वेकडून. त्याच डचांची एक वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती, हे कोकणातील वाचकांना ठाऊक असेलच. मिरी मऊ व्हावीत म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली. पाणी आटले की वितळलेल्या बर्फाचे पाणी घालावयाचे, असे तीन आठवडे चालले. १६७६ च्या एप्रिलमध्ये त्या पाण्याचा एक थेंब त्याने पाहिला. काटे दिसले नाहीत. दिसले ते चार प्रकारचे जीव, आणि त्यांतील सर्वांत लहान इतके लहान की शंभर जण एकापुढे एक ठेवले तरी वाळूच्या भरड कणाची लांबी भरणार नाही. आज आपण मानतो की मानवाच्या डोळ्याने जीवाणू पाहिल्याची ही पहिली नोंद.

ही सगळी हकीकत त्याने ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात कळविली. ओल्डेनबर्ग यांना डच येत होते. त्यांनी भाग निवडून इंग्रजी केले आणि १६७७ साली छापले.

आता आपण त्या विद्वानांच्या जागी बसून पाहा. एक परदेशी कापडवाला, ज्याला लॅटिन येत नाही, ज्याची कोठली पदवी नाही, तो सांगतो की एका थेंबात लाखो प्राणी आहेत. यंत्र दाखवावयाला तो तयार नाही. आपले उत्तम भिंग तर तो कोणालाच दाखवीत नसे. खोटे बोलतो आहे की त्याच्या डोळ्यांत काही दोष आहे? सोसायटीने ते हसण्यावारी नेले नाही, हा तिचा मोठेपणा. पण तिने ते तसेच मानलेही नाही, आणि हाही तिचा मोठेपणाच. नेहेमाया ग्र्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पडताळणीचे काम दिले. ते जमले नाही. इकडे लेव्हेनहूकने गावातील आठ प्रतिष्ठित गृहस्थांना घरी बोलावले. त्यांत धर्मोपदेशक होते, कायद्याचा जाणकार होता. त्यांना पाणी दाखविले आणि त्यांच्या सह्यांची पत्रे लंडनला रवाना केली. विज्ञानात साक्षीदार चालत नाहीत असे आपण आज म्हणू. पण ज्याच्याजवळ पदवी नाही त्याने दुसरे काय पाठवावे?

शेवटी काम रॉबर्ट हूकने हाती घेतले. त्याने मिरी भिजत घातली, केसासारख्या बारीक काचनळ्यांत ते पाणी भरले, नवे भिंग तयार केले. नोव्हेंबर १६७७ च्या पहिल्या दोन बैठकांत समाधान होईना. १५ नोव्हेंबरच्या बैठकीत जीव दिसले, हलताना दिसले, आणि हजर सभासदांनी एकामागून एक डोळा लावून खात्री करून घेतली. सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिराचे शिल्पकार ख्रिस्तोफर रेन त्यांत होते. ज्याने मेलेल्या पेशीला नाव दिले त्यानेच जिवंत पेशी पाहणाऱ्याला खरे ठरविले. १६८० साली सोसायटीने लेव्हेनहूकला आपला सभासद निवडले. सनद चांदीच्या पेटीतून आली. तो लंडनला कधीच गेला नाही, सभासदांच्या वहीत त्याची सही नाही.

मान्यता मिळाल्यावर माणूस विसावतो, पण याचे तसे झाले नाही. जे हाताला येईल ते तो सुईच्या टोकावर ठेवी. रक्ताचा थेंब पाहिला. त्याच्या आधी त्याच्याच देशातील स्वामरडॅमने रक्तातील कण पाहिले होते, पण त्यांचे माप आणि बारकावे लेव्हेनहूकने दिले. मोजणार कशाशी? आजच्यासारखी मोजपट्टी नव्हती. वाळूचा कण, बाजरीसारखा दाणा, स्वतःच्या डोक्याचा केस, उवेचा डोळा, ही त्याची वजनेमापे. रक्ताचा एक कण वाळूच्या बारीक कणाच्या पंचवीस हजाराव्या हिश्श्याएवढा, असा त्याचा हिशेब होता आणि तो आजच्या मापाशी बऱ्यापैकी जुळतो. तांबड्या पेशीचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो. मग माशाचे रक्त पाहिले. माणसाच्या तांबड्या पेशी गोल आणि मध्ये दबलेल्या. माशाच्या लंबगोल, आणि त्यांच्या मध्यभागी एक स्वच्छ ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देतात. मासे, बेडूक आणि पक्षी टाकीत नाहीत. त्याने हा ठिपका टिपला १७०० साली. त्याला केंद्रक हे नाव मिळावयाला १८३१ साल उजाडले. ते रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशी पाहताना दिले.

विचार करा, एका माणसाने किती प्रकारच्या पेशी पाहिल्या. शैवालाची पेशी, भिंतीसह आणि हरितलवकासह. तळ्यातील आदिजीव, ज्यांची एकच पेशी खाते, पोहते, दुभंगते. रक्ताच्या पेशी, ज्यांना भिंत नाही. स्नायूंचे तंतू, आणि त्या तंतूंवरील आडवे पट्टे. जननपेशीही त्याने पाहिल्या. मात्र ते पत्र धाडताना, प्रसिद्ध करणे अनुचित वाटले तर करू नये, अशी मोकळीक त्याने सोसायटीला दिली होती. आणि जीवाणू, ज्यांच्यात केंद्रकाभोवती आवरणच नाही. आज आपण विद्यार्थ्यांना आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी असे पेशींचे दोन वर्ग शिकवितो. या दोन्ही वर्गांतील जिवंत पेशी प्रथम पाहून लिहून ठेवणारा माणूस, वर्गीकरणाचा एक शब्दही न वापरता, सारे एकाच नावाखाली, बारीक प्राणी म्हणून, मांडून गेला. या सर्वांत काही समान आहे, सजीव म्हणजे पेशींचीच बांधणी आहे, हे त्याला सुचले नाही. ते श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पतींविषयी आणि श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांविषयी मांडले.

त्याची काम करण्याची पद्धत मात्र पुढच्या सर्वांनी उचलली, कळत किंवा नकळत. पातळ काप काढण्यासाठी तो दाढीचा वस्तरा वापरी. आज प्रयोगशाळेत त्याच कामाला यंत्र असते, तत्त्व तेच. काप जाड झाला तर उजेड आरपार जात नाही आणि एकावर एक पेशी दिसून सगळा गोंधळ होतो. उतारवयात स्नायूंचे तंतू पाहताना त्याने मद्यात विरघळविलेले केशर वापरून ते रंगविले. बहुतेक पेशी पाण्यासारख्या पारदर्शक. रंग दिल्यावाचून आतले भाग वेगळे ओळखू येत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यावर आपण आयोडीन टाकतो ते याच कारणासाठी. चित्रे काढणे त्याला साधत नसे म्हणून त्याने चित्रकार पगारी ठेवले. चित्रकाराला तो काय दिसते तेवढेच काढावयाला लावी. आपण पाहिले ते एक, आणि त्यावरून वाटले ते दुसरे, हे तो पत्रात वेगवेगळे लिही. माझ्या मते त्याचे खरे शिक्षण येथे दिसते. कापडवाल्याच्या वहीत जमा आणि उधारी एका रकान्यात जात नाहीत.

दातांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी, काडीने कोरी, फडक्याने पुशी. आणि याचा त्याला अभिमान होता. तरीही दाढांच्या फटीत पांढरी साय राही. १६८३ च्या सप्टेंबरमधील पत्रात त्याने ती पावसाच्या पाण्यात कालवून पाहिल्याचे लिहिले आहे. मासळीसारखे झपकन जाणारे, भोवऱ्यासारखे गरगरणारे, झुंडीने हलणारे जीव. मग त्याने जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा शोधून काढला. त्याच्या तोंडात तर जत्राच. सबंध नेदरलँड्समध्ये जितकी माणसे आहेत त्याहून अधिक जीव आपल्या एकट्याच्या तोंडात आहेत, असा त्याने हिशेब केला. पुढे काही वर्षांनी त्याला पुढच्या दातांवर जीव सापडेनात. विचार करता लक्षात आले की आपण सकाळी कढत कॉफी पितो. उष्णतेने जीवाणू मरतात, हे त्याने कॉफीच्या पेल्यावरून ताडले. तरी हे जीव रोग उत्पन्न करीत असतील, असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. घरातील चार पाळणे ज्याने रिकामे झालेले पाहिले, त्याच्या भिंगाखाली कदाचित कारणही येऊन गेले असेल. आपण आज एवढेच म्हणू शकतो.

१६९८ साली रशियाचा झार पीटर डेल्फ्टवरून जलमार्गाने जात होता. त्याने निरोप पाठविला, आणि लेव्हेनहूक आपली यंत्रे घेऊन नावेवर गेला. ईल माशाच्या शेपटीतील रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून पेशी-पेशीने सरकताना झारने पाहिले. सम्राट सुमारे दोन तास डोळा लावून होता म्हणतात. या केशवाहिन्या इटलीच्या माल्पीगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात दाखविल्या होत्या. पण रक्त रोहिणीतून नीलेत जाताना वाहते कसे, याचे इतके जिवंत वर्णन लेव्हेनहूकच्या आधी झाले नव्हते.

पण गुण सांगताना दोष झाकणे हा चरित्रलेखकाचा धर्म नव्हे. जननपेशीत संपूर्ण प्राणी बीजरूपाने असतो आणि आईकडून फक्त पोषण मिळते, या मताला तो अखेरपर्यंत चिकटून राहिला, आणि ते मत चुकीचे होते. त्याहून मोठा दोष म्हणजे त्याचा गुप्तपणा. सुमारे पाचशे भिंगे त्याने केली असावीत. ती कशी केली हे त्याने कोणालाही सांगितले नाही. पाहुण्यांना साधी यंत्रे दाखवी, उत्तम यंत्रे आतल्या खोलीत. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ यांनी त्याला सुचविले की तरुणांना ही कला शिकवा, एक शाळा काढा. १७१५ साली लेव्हेनहूकने उत्तर दिले, त्याचा आशय असा की त्यातून काही निष्पन्न होईलसे वाटत नाही. बहुतेक विद्यार्थी पैशासाठी किंवा नावासाठी शिकतात, यात वेळ आणि पैसा फार जातो, आणि हजारात एकालाही हे जमणार नाही. तेव्हा त्याचे वय ८२ होते. जो स्वतः कोणाच्याही शाळेत न जाता शिकला, त्याला शाळेची किंमत वाटली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम काय झाला? तो गेल्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ जीवाणूंच्या अभ्यासात फारशी प्रगती झाली नाही. १८३० च्या सुमारास लिस्टर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने रंग न फुटणारी भिंगजोडी सिद्ध केली, तेव्हा कोठे संयुक्त सूक्ष्मदर्शक लेव्हेनहूकच्या तोडीला आला. शंभर वर्षे म्हणजे किती बाळंतिणी, किती पाळणे, याचा हिशेब त्याने केला असता तर कदाचित त्याचे उत्तर बदलले असते.

अखेरच्या दिवसांत त्याला छातीच्या खालच्या पडद्याचा विकार जडला. तो पडदा थरथरू लागे. त्याने आपल्याच आजाराची निरीक्षणे लिहून काढली आणि लंडनला कळविली. वैद्यकात त्या विकाराला आज त्याचे नाव आहे. अंथरुणावर असताना त्याने एका मित्राला बोलावून आपली दोन डच पत्रे लॅटिनमध्ये करून पाठवावयाला सांगितली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षे पूर्ण करून, तो वारला. मारियाने बापाच्या इच्छेप्रमाणे चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी रॉयल सोसायटीला पाठविली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी कोणाला तरी वापरावयास दिली गेली आणि परत आली नाही. मारिया १७४५ मध्ये गेली. दोन वर्षांनी उरलेल्या शेकडो यंत्रांचा डेल्फ्टला लिलाव झाला. चांदीच्या यंत्रांची किंमत बोलणाऱ्यांनी वजनावर केली असेल तर नवल नाही. आज जगात खात्रीची अशी मोजकीच, डझनभराच्या आसपास, शिल्लक आहेत.

१९८१ साली ब्रायन फोर्ड या इंग्रज संशोधकाला सोसायटीच्या दप्तरात लेव्हेनहूकच्या पत्रांना चिकटविलेल्या लहान कागदी पुड्या सापडल्या. आत बुचाचे काप होते, एल्डर झाडाच्या गराचे काप होते, कापसाच्या सरकीचे तुकडे होते, गाईच्या दृष्टिचेतेचे काप होते. तीनशे वर्षांपूर्वी वस्तऱ्याने काढलेले ते काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा पेशींच्या भिंती शाबूत होत्या.

राहिला तो भिंगाचा प्रश्न. घासून की वितळवून, यावर विद्वानांचा वाद फार वर्षे चालला होता, कारण पत्रे उघडून भिंग बाहेर काढावे तर यंत्र मोडण्याची भीती. २०२१ साली हॉलंडमधील संशोधकांनी न्यूट्रॉनच्या किरणांनी, यंत्र न उघडता, आतील भिंगाचा आकार पाहिला. मध्यम शक्तीच्या एका यंत्रातले भिंग घासून केलेले निघाले. उट्रेख्टचे सर्वांत शक्तिमान भिंग मात्र काचेचा लहानसा गोल मणी निघाला, मागे बारीक देठाची खूण असलेला. काचेची बारीक तार ज्योतीवर धरली की टोकाला थेंब गोळा होतो, तोच हा मणी. ही रीत रॉबर्ट हूकने मायक्रोग्राफियाच्या प्रस्तावनेत १६६५ सालीच छापून टाकली होती. जे गुपित डेल्फ्टच्या त्या घरात पन्नास वर्षे कुलूपबंद राहिले, त्यातला एक मोठा हिस्सा लंडनच्या पुस्तकांच्या दुकानात तेव्हाही विकत मिळत होता.